भंडाऱ्याचा अर्थ काय? खंडोबाची प्रतीकं आणि संशोधनातला एक साधा प्रश्न



तुमच्यापैकी बरेच जण आत्ता पेट, नेट किंवा सेटच्या तयारीत असतील. काहींची परीक्षा झाली असेल आणि आता प्रपोजल लिहायला बसला असाल. दैवतं, पुराणकथा, लोकधर्म असा विषय घ्यायचा विचार असेल, तर आजचा लेख तुमच्यासाठी आहे. उदाहरण म्हणून खंडोबा घेतलाय. कारण एकतर माझा विषय त्याच्या आसपासचा आहे, आणि दुसरं म्हणजे मी केलेली पहिली मोठी चूक याच देवाच्या बाबतीत झाली.

चूक अशी. आरआरसीपुढे जाण्याआधी मी मोठ्या हौसेने एक तक्ता बनवला होता. डावीकडे प्रतीक, उजवीकडे अर्थ. भंडारा म्हणजे सूर्याचं तेज. घोडा म्हणजे राजेपण. कुत्रा म्हणजे निष्ठा. म्हाळसा म्हणजे अमुक, बाणाई म्हणजे तमुक. पानभर झाला होता. गाइड मॅडमनी तो शांतपणे वाचला आणि उजव्या रकान्यावर बोट ठेवून एवढंच विचारलं, "हा अर्थ कुणाचा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. काही अर्थ पुस्तकातले होते, काही आजीकडून ऐकलेले, काही चक्क माझेच. मी सगळे एकाच रकान्यात कोंबले होते. या लेखात मी तो एकच प्रश्न तुमच्याकडे सोपवणार आहे.

आधी कथा, पण कोणती?

खंडोबाची "अधिकृत" कथा बहुतेकांना माहीत असते. मणिचूर्ण पर्वतावर तप करणाऱ्या ऋषींना मणि आणि मल्ल हे दोन दैत्य भाऊ त्रास देतात. त्यांना ब्रह्मदेवाचा वर मिळालेला असतो. ऋषी इंद्राकडे जातात, विष्णूकडे जातात आणि शेवटी शंकराकडे. शंकर मार्तंडभैरवाचं रूप घेतो आणि सात कोटी सैन्य घेऊन उतरतो. "येळकोट" या गजरातलं "येळकोट" हे कानडी "एळु कोटि", म्हणजे सात कोटी, यावरून आल्याचं मानतात. युद्ध मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत चालतं. ती षष्ठी म्हणजे आपली चंपाषष्ठी. मणि शरण येतो, आपला पांढरा घोडा देवाला देतो आणि देवाजवळ जागा मागून घेतो. मल्लाचं डोकं मात्र उडवलं जातं आणि ते देवळाच्या पायरीशी ठेवलं जातं, भक्तांनी तुडवावं म्हणून.

ही कथा "मल्हारी माहात्म्य" या संस्कृत ग्रंथातली. हा ग्रंथ स्वतःला ब्रह्मांडपुराणाचा भाग म्हणवतो, पण त्या पुराणाच्या प्रचलित प्रतींमध्ये तो सापडत नाही. अभ्यासकांनी त्याचा काळ साधारण पंधराव्या शतकाची अखेर ते सोळाव्याची सुरुवात असा धरलाय. म्हणजे देव त्याच्या पोथीपेक्षा जुना आहे. आधीच लोकांच्या पूजेत असलेल्या देवाला इथे संस्कृतातून पुराणाची चौकट मिळाली.

आता धनगरांच्या ओव्यांमधला, वाघ्या-मुरळीच्या जागरणातला खंडोबा बघा. तिथे मणि-मल्ल असतात, पण रात्र रंगते ती बाणाईच्या कथेत. देव म्हाळसेशी सारीपाट खेळतो, हरतो आणि घर सोडून रानात जातो. चंदनपुरीला बाणाईच्या बापाकडे मेंढ्या राखायला गडी म्हणून राहतो. एक दिवस मेंढ्या धुवायला नेतो आणि आपटून आपटून मारून टाकतो. बाप हवालदिल होतो. गडी म्हणतो, मुलगी देत असशील तर जिवंत करतो. मेंढ्या उठतात आणि लग्न लागतं.

पोथीतला देव दैत्य मारतो. ओवीतला देव गडी होतो, कांड करतो आणि मेंढपाळाच्या पोरीसाठी घर सोडतो.

तिसरी मांडणी जोतीराव फुल्यांची. "गुलामगिरी"त (१८७३) ते खंडोबाला बळीराजाच्या राज्यातल्या खंडाचा अधिकारी मानतात, म्हणजे देव नव्हे, लोकांच्या आठवणीत देव झालेला रयतेचा कारभारी. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ही व्युत्पत्ती टिकते का, हा एक प्रश्न. पण एकोणिसाव्या शतकात शूद्रातिशूद्रांचा इतिहास लिहिताना याच देवाची गरज का पडली, हा त्याहून मोठा प्रश्न, आणि संशोधनाचा विषय तोच आहे.

यातली "खरी" कथा कोणती? हा प्रश्न प्रपोजलमध्ये लिहू नका. कोणती कथा कोण सांगतं, कुठे सांगतं आणि कुणासमोर, असं विचारा. त्याची उत्तरं मिळवता येतात, तपासताही येतात.

भंडारा: एक वस्तू, पाच कामं

आता माझ्या तक्त्यातल्या पहिल्या ओळीकडे येऊ. भंडारा म्हणजे हळदीची पूड. सोमवती अमावास्येला पालखी कऱ्हेवर स्नानाला निघते तेव्हा जेजुरीचा गड पिवळा धमक होतो, हे तुम्ही फोटोत तरी पाहिलंच असेल. "सोन्याची जेजुरी" म्हणतात ते यावरूनच.

मी अर्थ लिहिला होता: सूर्याचं तेज. तो चूक नाही. मार्तंड म्हणजे सूर्य, देवाचा वार रविवार. पोथीच्या परंपरेत सूर्याशी नातं आहेच. पण लोक भंडाऱ्याचं प्रत्यक्षात काय करतात, ते मोजून बघा.

एक, कपाळाला लावतात. इथे तो प्रसाद आहे आणि ओळखही आहे. कपाळ पिवळं दिसलं की माणूस कुठून आला हे सांगावं लागत नाही.

दोन, खोबऱ्यासकट उधळतात. इथे तो कुणा एकाचा राहत नाही. उधळणाऱ्याच्या अंगावर पडतो तसा शेजारच्या अनोळखी माणसाच्या अंगावरही पडतो.

तीन, तळी भरतात. ताम्हनात भंडारा, खोबरं, सुपारी, विड्याची पानं ठेवून घरातली माणसं मिळून ते ताम्हन येळकोटाच्या गजरात उचलतात. इथे तो कुळाचा आहे. ताम्हनाला कुणाचे हात लागतात आणि कुणाचे लागत नाहीत, हे वहीत टिपण्यासारखं आहे.

चार, शपथ घेतात. मराठेशाहीच्या कागदपत्रांत "बेलभंडार" हा शब्द वारंवार येतो. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द म्हणजे मोडू नये असा करार. इथे सूर्यतेज वगैरे काही नाही, इथे भंडारा जवळजवळ कायद्याचं काम करतोय.

पाच, लग्नात. हळद लागणं म्हणजे लग्न लागणं, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. देवाची हळदही याला अपवाद नाही. पाली इथे पौष महिन्यात खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं. (हा पाचवा वापर लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचंय.)

बघा, वस्तू एकच आहे. पण शपथेतला भंडारा आणि उधळणीतला भंडारा यांना एकच अर्थ चिकटवला, तर दोन्हीही नीट कळत नाहीत. आणि हो, "हळद जंतुनाशक असते म्हणून पूर्वजांनी..." या वाटेने प्रबंधात जाऊ नका. हळदीचे गुण खरे असतील, पण माणसं गडावर हळद उधळतात ती जंतू मारायला नव्हे. ज्याचं स्पष्टीकरण हवं होतं ते या उत्तरात बाजूलाच राहतं.

दोन बायका, दोन जगं

म्हाळसा नेवाशाच्या वाण्याची लेक, लिंगायत घरातली. देवळात देवाशेजारी ती असते. बाणाई धनगराची. जेजुरीला पायऱ्या चढून जाताना वाटेत, गडाच्या निम्म्यावर तिचं देऊळ लागतं. दोन सवतींची भांडणं हा जागरणाचा आवडता भाग. एकीला दुसरीच्या अंगाचा मेंढरांचा वास सहन होत नाही, दुसरीला पहिलीचा थाट.

इथे एका अभ्यासकाचं नाव घ्यायलाच हवं. गुंथर सोन्थायमर, जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठातले. मूळचा अभ्यास हिंदू कायद्याचा, पण महाराष्ट्रात आले आणि धनगरांच्या मागे माळरानं तुडवली, ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा ग्रंथ जर्मनमध्ये १९७६ साली आला आणि १९८९ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद झाला. त्यांनी "वन" आणि "क्षेत्र" अशी एक जोडी मांडली. क्षेत्र म्हणजे नांगरलेली जमीन, गाव, बाजार, नियम. वन म्हणजे रान, कळप, भटकंती. या चौकटीतून पाहिलं तर म्हाळसा क्षेत्राची, बाणाई वनाची आणि देव दोन्हीकडे ये-जा करणारा. सवतींचं भांडण मग केवळ विनोद राहत नाही. स्थिर शेती-व्यापाराचं जग आणि फिरत्या मेंढपाळांचं जग यांच्यातला ताण आणि त्यांची एकमेकांना असलेली गरज त्यातून ऐकू येते.

याला आधार काय? इथे तुलना कामी येते. खंडोबा महाराष्ट्रापुरता नाही. कर्नाटकात तो मैलार आहे, तेलंगणात मल्लन्ना. कोमुरवेल्लीच्या मल्लन्नाला दोन बायका आहेत: मेडलम्मा बलिजांची, म्हणजे व्यापारी जातीतली, आणि केतम्मा गोल्लांची, म्हणजे पशुपालकांची. भाषा बदलली, नावं बदलली, पण रचना तीच राहिली. एकाच गावातली जोडी योगायोग म्हणता आली असती. इतक्या लांब तीच जोडी पुन्हा भेटली की तिच्यामागचं सामाजिक कारण शोधावं लागतं.

पण चौकटीच्या प्रेमात पडू नका. खंडोबाला दोनच नाही, परंपरेने पाच बायका सांगतात. रंभाई शिंपीण, फुलाई माळीण आणि चांदाई तेलीण यांना वन-क्षेत्राच्या जोडीत कुठे बसवणार? मुसलमान भक्त याच देवाला मल्लूखान म्हणतात, ते कुठे जाणार? पाच जातींतल्या पाच बायका म्हणजे पाच समाजांचं देवाशी सोयरिकीचं नातं, असंही वाचता येतं. चौकट जे दाखवते ते घ्या, आणि ती जे बाहेर ठेवते त्याची वेगळी यादी करा. माझ्या अनुभवात दुसऱ्या यादीतूनच प्रबंधाचा विषय निघतो.

रा. चिं. ढेरे यांची पद्धतही शिकण्यासारखी आहे. त्यांचं "खंडोबा" हे पुस्तक १९६१ चं. संस्कृत पोथी, शिलालेख, कानडी-तेलुगू परंपरा आणि लोकगीतं हे सगळं ते एकाच टेबलावर मांडतात आणि कुणालाच आधीपासून वरचं आसन देत नाहीत. पोथीत आलं म्हणून प्रमाण आणि गाण्यात आलं म्हणून भाकड, असं ते करत नाहीत. आपल्याकडून मात्र हे नकळत होतं. पोथीतलं असेल तर आपण "पुराणकथा" लिहितो, ओवीतलं असेल तर "दंतकथा". आपल्या क्रियापदांकडेही लक्ष ठेवा. पोथी "सांगते" आणि धनगर "समजतात"? असं का?

कुत्रा, वाघ्या आणि दोन नैवेद्य

तक्त्यात मी कुत्र्यापुढे "निष्ठा" लिहिलं होतं. ते माझ्या मनातलं होतं, कुणी सांगितलेलं नव्हतं. पोथीच्या बाजूने विचार केला तर कुत्रा भैरवाबरोबर येतो. मेंढपाळाच्या बाजूने विचार केला तर कळपाला कुत्र्यावाचून चालत नाही. आणि वाघ्यांच्या बाजूने? देवाला वाहिलेले हे पुरुष. नाव वाघाचं, भंडारा ठेवायची पिशवी जुन्या काळी वाघाच्या कातड्याची, पण देवाच्या दारात ते भुंकत, देवाची कुत्री होत. नाव वाघाचं आणि वागणं कुत्र्याचं, हे कोडं "निष्ठा" या एका शब्दात कसं मावणार? गावाकडे कुत्र्यालाच "वाघ्या" अशी हाक मारतात, हे आठवा आणि पुन्हा विचार करा.

नैवेद्याचंही तसंच. चातुर्मासात वांगं-कांदा बंद आणि चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत-रोडगा, हा देवाचा नैवेद्य. बकरं मात्र देवाला नाही, ते बाहेर, मणीच्या नावाने. आता मणीच्या शरणागतीची कथा परत वाचा. दैत्याला देवाजवळ जागा मिळाली, म्हणजे एकाच आवारात दोन प्रकारचं जेवण आणि दोन प्रकारचे भक्त सामावले गेले. कथा इथे रोजच्या व्यवहाराची घडी बसवते. शाकाहारी आणि मांसाहारी दोघांनाही हा देव आपला वाटतो, तो असा.

अर्थ कुणाचा, हे विचारलं नाही तर काय होतं?

आता पाचव्या वापराकडे, हळदीच्या लग्नाकडे.

मुरळी म्हणजे देवाला वाहिलेली मुलगी. नवस फेडायला आईबाप मूल देवाला सोडत. मुलगा असेल तर वाघ्या, मुलगी असेल तर मुरळी. भंडारा उधळून तिचं देवाशी लग्न लागे. मग तिला माणसाशी लग्न करता येत नसे.

हे प्रतीकांच्या भाषेत किती सुंदर लिहिता येतं! "जीव-शिवाचं मीलन", "भक्तीची परमावधी", "देवाची नित्यसुवासिनी". मी लिहिलंही होतं, आणि तेव्हा ते मला चांगलं वाटलं होतं. त्या पानावर मॅडमनी तोच प्रश्न पुन्हा लिहिला: हा अर्थ कुणाचा?

त्या मुलीचा? तिला कुणी विचारलं होतं? सात-आठ वर्षांच्या पोरीसाठी त्या हळदीचा अर्थ काय होता? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी या प्रथेविरुद्ध मोहीम उघडली. १९०८ मध्ये सुरू केलेलं त्यांचं "सोमवंशीय मित्र" हे पत्र त्या लढ्याचं साधन होतं. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा झाला, पुढे महाराष्ट्राने स्वतंत्र कायदाही केला. ज्या जातींतल्या मुली सोडल्या जात, त्या घरांत या प्रतीकाचा अर्थ गरिबी, नवसाचा धाक आणि जन्मभराचं एकटेपण असाही होता. तो अर्थ ग्रंथात मिळत नाही. तो चळवळीच्या कागदांत, अर्जांत आणि बायकांच्या तोंडून मिळतो.

आणि तरीही गोष्ट इथे संपत नाही. आज जागरणात गाणाऱ्या अनेक मुरळ्या स्वतःला कलावंत म्हणवतात, त्यांना गळ्याचा आणि विद्येचा अभिमान असतो. त्यांना फक्त "बळी" म्हणणं हाही आपलाच अर्थ त्यांच्या तोंडात घालणं झालं. मी एका जागरणात बाजूला बसून वहीत लिहीत होतो. गाणं थांबल्यावर मुरळीबाईंनी मला विचारलं, "दादा, लिहिलं का सगळं? मग आता वाचून दाखवा, मी काय म्हणले ते." मी वाचलं. त्यांनी तीन ठिकाणी दुरुस्ती केली. ती तीन ठिकाणं माझ्या वहीतली सगळ्यात मोलाची पानं आहेत.

प्रतीकाचा अर्थ ठरवण्याचा हक्क कुणाकडे असतो, हा म्हणून केवळ पुस्तकी प्रश्न नाही. आपण लिहिलेला अर्थ छापला जातो, पुढचा विद्यार्थी तो उद्धृत करतो आणि काही वर्षांनी तोच "परंपरेचा अर्थ" होऊन बसतो. ज्यांनी त्या प्रतीकाचं ओझं वाहिलं, त्यांचं म्हणणं तोवर गळून गेलेलं असतं.

तर तक्ता कसा बनवायचा?

तक्ता टाकून देऊ नका. फक्त रकाने वाढवा. मी आता असे सहा ठेवतो:

१. वस्तू किंवा प्रसंग. (भंडारा, घोडा, लंगर तोडणं.)
२. त्याचं प्रत्यक्ष काय केलं जातं? (क्रियापद लिहा: उधळणं, लावणं, उचलणं.)
३. कोण करतं, कुणाला करू दिलं जात नाही?
४. अर्थ कोण सांगतं, आणि कुठे? (पोथी, पुजारी, वाघ्या, घरची बाई, छापील पुस्तक.)
५. याच्या विरोधात जाणारा अर्थ कुणी सांगितला का?
६. माझा स्वतःचा अंदाज. (वेगळ्या शाईने!)

सहावा रकाना काढून टाकू नका. संशोधकाला मत असावं. फक्त ते दुसऱ्याच्या नावावर खपवू नये.

"पण खंडोबा आमचं कुलदैवत आहे, मग मी तटस्थ कसा राहू?" असं बरेच जण विचारतात. माझंही कुलदैवत तेच आहे. तळी उचलताना मी वही बाजूला ठेवतो आणि लिहायला बसलो की हे प्रश्न विचारतो. दोन्ही कामं प्रामाणिकपणे करता येतात. घरच्या देवाविषयी आपल्याला बरंच "आधीपासूनच माहीत" असतं. त्यातलं किती ऐकलेलं, किती वाचलेलं आणि किती गृहीत धरलेलं, हे वेगळं करणं हीच पहिली पायरी.

जाता जाता एक गृहपाठ. या रविवारी घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारा, "आपल्या देवाचा टाक कुणी घडवला, त्याला नैवेद्य काय आणि तोच का?" त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा, मग त्यांना वाचून दाखवा. जिथे त्या "असं नाही रे" म्हणतील, तिथे खूण करा.

पुढच्या लेखात जागरण ध्वनिमुद्रित करताना परवानगी कशी आणि कुणाची घ्यायची, यावर लिहीन. तोवर, येळकोट येळकोट जय मल्हार!